ताणावरची एकवीस झाडं

आमच्या गावचा इतिहास, गावचा धंदा अन् गावचं हवामान, याच्यावर माह्याइतकं कोणीच बोलू शकत नाही. हे गोष्ट घडली तवा मले त्या गावात लग्न करून येऊन तीन वर्ष झाले होते, अन् त्यातलं पहिलं वर्ष झोपण्यात गेलं होतं.

खोटं काहून सांगू. शाळेत मी दोन वर्ष गेलो. दुसऱ्या वर्षी गुरुजीनं माह्या बापाले बोलावून सांगितलं, तुमचा पोट्टा चांगला हाय, पण तो घरी राहिला तं बाकीचे पोट्टे शिकतीन. बापानं ऐकलं. अक्षरं मले बायकोनं शिकवले, लग्न झाल्यावर, चुलीपाशी बसून, राखेत बोटानं. ती चौथी पास. चुकलं का ती फुंकणीनं हातावर मारे. तिच्या हाताखाली शिकलो म्हणून आज एवढं तरी लिहून राहिलो.

गाव म्हणाल तं नागपुराहून पॅसेंजर गाडीनं दीड तास. गाडी वेळेवर असली तं दीड, नाही तं माणसाले घरी जाऊन जेवण करून याची सवड. टेशन, टेशनाच्या बाजूले कापसाचा जिन, जिनाच्या मागं बाजाराची जागा, अन् मंग चारी बाजूनं संत्र्याचे बगीचे. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या जिनासमोर उभ्या राहत, त्या तं टेशनापर्यंत. एकदा मी एका बंडीत कापसावर पडलो अन् डोळा लागला. जागा झालो तवा मले वजनकाट्यावर चढवून राहिले होते. पण गावाचं खरं नाक म्हणजे संत्रा. ज्या साली बहार चांगला आला त्या साली गावात नवे रेडिओ येत. ज्या साली गेला त्या साली लोक जुन्या रेडिओचे सेल काढून उन्हात वाळवत, का दोन दिवस तरी चालतीन म्हणून. त्यामुळं घरायच्या सपाट धाब्यावर किती सेल वाळून राहिले ते पाहून गावाची परिस्थिती समजे. त्याच्यासाठी शिक्षण लागत नाही.

माहा सासरा बगीचेवाला. त्याले पोरगा नव्हता, दोन पोरी. मोठी नागपूरले महाल वस्तीत देली होती, लहानी मले देली. देली म्हणजे काय, मलेच तिच्या घरी आणून ठेवलं. घरजवाई. माह्या बापापाशी वावर नव्हतं, अन् मी घरी राहून जे दिवे लावून राहिलो होतो ते पाहता तो मले बंडीत बसवून द्याले एका पायावर तयार होता.

आता घरजवाई माणसाचं कसं असते, त्याले गावात नाव राहत नाही. बाजारात गेलो तं, "ओ जवाई, वांगे घ्या." चक्कीवर गेलो तं, "जवाईचं पीठ झालं का रे." संत्र्याचे दलाल येत, ते बाकीच्यायले बगीचेवाले म्हणत, खाटेवर बसवत, चहा सांगत. मले म्हणत, "मालक घरी हायत का?" मी कितीही ताठ उभा राहिलो तरी ते माह्या खांद्यावरून मागं पाहत, का खरा माणूस येऊन राहिला का म्हणून. मले कोणीतरी एकदा, एकदाच, बगीचेवाले म्हणावं, एवढीच माही इच्छा होती. चहा नाही पाजला तरी चाललं असतं.

अन् तो मोका आला. त्या साली आमच्या बगीच्यात मृगाचा बहार घ्याचं ठरलं. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. संत्र्याचं झाड असं असते का त्याले सुखात ठेवलं तं ते नुसता पाला काढते. फूल पाहिजे असलं तं त्याचं पाणी तोडा लागते. एप्रिलपासून पाणी बंद. भर मे महिना, नवतपाचे ते नऊ जळते दिवस, जमीन भेगाळून राहिली, झाडाचे पानं गळून राहिले, अन् विहिरीत पाणी असून द्याचं नाही. याले ताण देणं म्हणतात. झाडाले वाटते का आपलं काही खरं नाही. मंग मृगाचं पाणी पडलं का ते सारी ताकद लावून फुलते. ताण मोडला का बहार गेला. लहान पोट्ट्यालेही आमच्या गावात हे माहीत असते.

त्याच महिन्यात सासऱ्यानं डोळ्याचं ऑपरेशन काढलं. गावातले लोक म्हणे, उन्हाळ्यात कोणी डोळा कापते का. सासरा म्हणे, बगीचा ताणावर असते तवाच बगीचेवाला रिकामा असते, डोळ्याच्या सवडीनं बगीचा चालत नाही. महालात मोठ्या पोरीकडं राहाचं, तिथून दवाखाना, सारे मिळून पंधरा दिवस.

निघाच्या दिवशी त्यानं मले विहिरीपाशी नेलं. विहिरीपासून धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, एक सरळ ओळ होती, एकवीस झाडायची. बगीच्यात सर्वात जोमदार झाडं तेच.

"जवाईबापू," तो म्हणे, "हे ओळ पाहून राहिले?"

"पाहून राहिलो मामाजी."

"मी येईपर्यंत याले पाणी द्याचं नाही. बाकीच्यायलेही नाही. पान गळो, फांदी वाळो, झाड तुमच्या नावानं रडो. थेंब नाही."

"नाही देत."

"बहार नीट फुटला तं हे एकवीस झाडं तुमचे. तुमच्या हातानं विका, तुमच्या नावानं विका. मी मधात बोलणार नाही."

माह्या अंगावर काटा आला. छेचाळीस डिगरीत अंगावर काटा येणं सोपं नाही. मी म्हटलं, "मामाजी, काहीच करायचं नाही ना? ते काम मले जमते."

तो नुसता माह्याकडं पाहत राहिला, अन् त्या वेळी त्याले कमी दिसत होतं तरी मले ते आवडलं नाही.

पहिले सहा दिवस मी असा चोख राहिलो का मलेच माहा संशय आला. सकाळी बगीच्यात जाचं, झाडाकडं पाहाचं, पाणी नाही द्याचं, घरी याचं. पानं वळून गेले होते, हात लावला तं पापडावानी वाजत. मले दया येई, पण मी तोंड फिरवून घेई. रोज एकेका झाडाखाली उभा राहून मी त्याले सांगे, थोडं सहन कर, तुहा मालक नवा हाय.

सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता टेशनाकडून एक साहेब आला. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी बारा ते चार माणूस सोडा, कुत्रंही रस्त्यावर राहत नाही. लोखंडी कुलूप उघडाचं तं हाताले दुपट्टा गुंडाळा लागते. सायकल उन्हात उभी केली तं उभ्या उभ्या ट्यूब फुटते. तशा उन्हात हा साहेब, पांढरी पँट, गळ्यात कॅमेरा, काखेत वही, तोंड टमाटरावानी. सरपंचाच्या घरी गेला, सरपंच लग्नाले गेलेला. गुरुजीकडं गेला, गुरुजी सुटीत आपल्या गावी. साऱ्या गावात दार उघडं असलेलं एकच घर होतं, कारण आमच्या दाराची कडी मी दोन महिन्यांपासून दुरुस्त करून राहिलो होतो.

बायकोनं त्याले माठातलं पाणी देलं. तो तीन गिलास पेला. मंग म्हणाला, "मी नागपूरहून आलोय. जिल्ह्यातल्या लहान गावांची माहिती गोळा करतोय, पुस्तक निघणार आहे. गावाचा इतिहास, अर्थव्यवस्था, हवामान. जुन्या माणसाशी बोलायचं होतं. तुम्ही इथले जुने का?"

"पिढ्यान् पिढ्या," मी म्हटलं.

आत बायकोच्या हातातलं भांडं पडलं.

साहेब म्हणाला, "आणि व्यवसाय?"

आता तुम्हीच सांगा. मी जवाई हाय असं सांगतो का मी? मी म्हटलं, "बगीचेवाला."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. कागदावर, पेनानं. तो शब्द लिहिताना मी त्याच्या खांद्यावरून पाहिला. मले तो वाचता आला, अन् त्या क्षणी मी कामातून गेलो.

त्याले बगीचा दाखवाले नेलं. दोघायच्याही खिशात बायकोनं एक एक कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून. साहेबानं कांद्याकडं पाहिलं, पण खाली टाकला नाही, चांगल्या घरचा होता. बगीच्यात येऊन त्यानं चारी बाजूनं पाहिलं अन् त्याचं तोंड उतरलं.

"झाडं मेली की काय हो?"

मी त्याले ताण समजावून सांगितला. त्यानं तेही लिहिलं. मंग कॅमेरा डोळ्याले लावला, खाली केला, परत लावला. "फोटोत हे वाळलेलंच दिसेल," तो म्हणाला. "वाचणाऱ्याला वाटेल दुष्काळ आहे. हे इंजिन चालू होतं का? पाणी वाहताना एक फोटो मिळाला असता. तुम्ही फावडं घेऊन उभे. बागायतदार आणि त्यांची बाग."

मी ताठ उभा राहिलो, अन् साहेब माह्या खांद्यावरून मागं पाहत नव्हता. माह्याकडंच पाहत होता.

मी मनात हिशेब केला. फोटो काढाले किती वेळ लागते? चुटकी. तेवढ्यात पाणी कितीक येईन? तोंड धुण्यापुरतं. अन् येईन ते पहिल्या झाडापाशीच राहीन. बरं, ते झाडं माहेच तं हायत. माह्याच झाडाले मी तोंड धुण्यापुरतं पाणी देलं तं सासऱ्याच्या बापाचं काय गेलं.

इंजिन नवीन होतं, पाच हॉर्सपॉवरचं. मले त्याचं हँडल माराले सासरा कधी देत नसे. पहिल्या खेपेले हँडल माह्या हातून सुटून माह्याच गुडघ्यावर बसलं. साहेब म्हणाला, लागलं का. मी म्हटलं, रोजचंच हाय. तिसऱ्या खेपेले चालू झालं, धक धक धक, अन् पाइपातून पाणी असं पडलं का मीच बाजूले सरकलो. दांडातून पाणी ओळीकडं निघालं. मी फावडं घेतलं, दुपट्टा नीट बांधला, पोट आत ओढलं. साहेबानं फोटो काढला.

इथं मी इंजिन बंद कराले पाहिजे होतं. हे मले आज समजते तसं तवाही समजत होतं. मी दोन पावलं इंजिनाकडं गेलोही होतो. तेवढ्यात साहेबानं काही विचारलं. इंजिनाच्या आवाजात मले काही ऐकू येईना. त्यानं हातानं दाखवलं, तिकडं आंब्याखाली बसू, तिथं ऐकू येईल. आम्ही आंब्याखाली गेलो. तो बसला, वही उघडली, अन् म्हणाला, "आता गावाचा इतिहास सांगा."

मले जिंदगीत कोणी असं विचारलं नव्हतं. लोक मले म्हणत, आता चूप बस. हा माणूस पैसे खर्चून, तिकीट काढून, मी बोलावं म्हणून आला होता.

मी सुरू झालो. म्हटलं, साहेब, या गावात राजाचा हत्ती आला होता.

"कोणत्या राजाचा?"

"तवा जो होता त्याचा."

"साल वगैरे?"

"उन्हाळ्यातली गोष्ट."

त्यानं लिहिलं. मी पुढं म्हटलं, हत्तीले तहान लागली, अन् गावातल्या एकाही विहिरीचं पाणी त्यानं पेलं नाही. फक्त आमच्या विहिरीचं पेला. म्हणून राजानं हे विहीर माह्या पणज्याले बक्षीस देली. माहा पणजा तिकडं चाळीस कोसावर बकऱ्या चारत होता, पण विहीर पाहून ते काही खोटं वाटत नसे. मंग सैन्य कुठं उतरलं ते दाखवलं. जिनाच्या मागं, जिथं बाजार भरते, तिथं. सैन्यानं मुक्कामात भजे खाल्ले, तवापासून बाजारात भज्याचे दुकानं हायत. मंग संत्र्याचं पहिलं रोप. मंग एक भुयार, जे नागपूरले निघते. साहेब म्हणाला, भुयार दाखवाल का. मी म्हटलं, बुजलं.

त्या वेळी साहेबानं पेनाले टोपण लावलं. शहाण्या माणसानं तिथं ओळखलं असतं. मी भुयारातून बाहेर निघून हवामानावर गेलो.

मधात मधात मले इंजिनाचा आवाज येत होता. दूर, धक धक धक. बरं वाटत होतं. माह्या बोलण्याले कोणी तबल्यावर साथ देऊन राहिलं असं वाटत होतं.

दीड दोन तासानं बायको फडक्यात भाकरी बांधून आली. तिनं आमच्याकडं पाहिलं, मंग मान वळवून विहिरीकडं पाहिलं.

"अजी," ती म्हणे, "इंजिन काहून चालू हाय?"

माह्या तोंडात हवामान होतं, ते तसंच राहिलं.

आम्ही पळालो. साहेबही पळाला, त्याले काही समजलं नाही पण तो पळाला. मी इंजिन बंद केलं. एकवीसच्या एकवीस झाडायचे आळे तळ्यावानी भरले होते. बाकीचा सारा बगीचा कोरडा ठण्ण, अन् माही ओळ तेवढी पाण्यात उभी. एका आळ्यात एक बेडूक येऊन बसला होता. तो दोन महिने कुठं होता देव जाणे.

बायको धुऱ्यावर बसली. भाकरीचं फडकं मांडीवर ठेवून नुसती त्या बेडकाकडं पाहत राहिली. मले वाटलं, ती मले शिव्या देईन तं बरं होईन.

साहेब म्हणाला, "पण पाणी मिळालं तर झाडांना चांगलंच ना?" तिनं त्याच्याकडं असं पाहिलं का त्यानं कांदा खिशातून काढून परत खिशात टाकला. मी त्याले चारच्या गाडीत बसवून देलं.

ते पुस्तक पुढं चार पाच वर्षानं निघालं. शाळेत एक प्रत आली, गुरुजीनं ओट्यावर साऱ्यायसमोर वाचली. आमच्या गावाले तीन ओळी होत्या. विशेष ऐतिहासिक महत्त्व नाही. कापूस व संत्री ही मुख्य पिके. हवामान उष्ण व कोरडे. फोटो होता, पण इंजिनाचा. उजव्या बाजूले एक हात अन् अर्धं फावडं दिसत होतं. मी लोकायले तो हात दाखवला. कोणी ओळखला नाही.

तं त्या दिवशी साहेब गेल्यावर मी परत बगीच्यात आलो अन् ठरवलं का पाणी काढून घ्याचं. देलेलं पाणी परत कसं घेत नाही, पाहूच. बायको म्हणे, असं कोणी करत नाही. मी म्हटलं, कोणी केलं नाही म्हणून होत नाही असं नाही. पहिले गंजानं, स्वयंपाकाच्या पातेल्यानं, पाणी उपसलं. मंग चिखल घमेल्यानं काढून धुऱ्यावर टाकला. तरी खाली ओल होतीच. मंग मी घरून पोते आणले. पोतं आळ्यात पसराचं, त्याच्यावर उभं राहून पायानं दाबाचं, पाणी शोषलं का उचलून पिळाचं. एकदम झ्याक काम चाललं. सात झाडं झाल्यावर बायको म्हणे, "पिळून कुठं राहिले?"

मी पाहिलं. मी सारं पाणी बाजूच्या ओळीच्या आळ्यात पिळून राहिलो होतो.

"तिकडची ओळही तुमचीच हाय का?" ती म्हणे, अन् पोतं माह्या हातून हिसकून धुऱ्यापलीकडं जाऊन पिळून आली.

शेजारचा बगीचेवाला ऊन उतरल्यावर आला. धुऱ्यावर उकिडवा बसला, तंबाखू काढली, निवांत मळली. "काय गा जवाईबापू," तो म्हणे, "झाडायची आंघोळ झाली वाटते. आता अंग पुसून राहिले का?"

"थोडी ओल होती," मी म्हटलं.

"पावडर लावता का? मी आणतो घरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी बगीच्यात पंधरा माणसं पाहाले आले. कोणी वेताचा पंखा आणला होता अन् झाडाले वारा घालून राहिला होता. गावात भर मे महिन्यात लोकायले दुसरं करमणुकीचं काही नव्हतं, त्यामुळं माहा राग कोणाले आला नाही. उलट चक्कीवर मले पहिल्यांदा उभ्या उभ्या चहा मिळाला.

तिथून पाच सहा दिवसांनी माह्या ओळीतल्या झाडायनं डोळे उघडले. शेंड्याले कोवळा पाला फुटला, पोपटी, लुसलुशीत. बगीचेवाले याले नवती म्हणतात. दिसाले इतका सुंदर का दुसरं कोणी असतं तं खुश झालं असतं. चारी बाजूले भुरकट बगीचा अन् मधात हिरवीगार एक ओळ, टेशनावरून दिसत होती.

सासरा ठरल्यावानी पंधराव्या दिवशी आला. एका डोळ्याले हिरवं फडकं, त्याच्यावर काळा चष्मा, अन् काठी. बायको त्याचा हात धरून चालली. मी मनात म्हटलं, देव हाय. याले महिनाभर काही दिसत नाही. तोपर्यंत पाऊस येईन, साराच बगीचा हिरवा होईन, अन् कोणती ओळ कवा हिरवी झाली हे कोण सांगते.

तो चहा प्याले थांबला नाही. म्हणे, पहिले बगीच्यात न्या. विहिरीपाशी आल्यावर त्यानं चपला काढल्या अन् उघड्या पायानं ओळीत गेला. चार पावलं चालला अन् थांबला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मंग हात वर करून एक फांदी धरली, शेंड्यावरून बोटं फिरवले, हळूच, पोराच्या डोक्यावरून फिरवते तसे.

"पाणी कोणी देलं?"

"पाणी आला होता मामाजी," मी म्हटलं. "वरून. अवकाळी."

"किती झाडावर?"

मले आकडा बदलाचं सुचलं नाही. "एकवीस."

"एकवीसच झाडावर पाणी पडला."

"ढग लहान होता."

बायकोनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला. सासरा चाचपत चाचपत इंजिनाच्या झोपडीत गेला. डिझेलचा डबा काठीनं वाजवला. डबा टणटण वाजला.

"लहान ढगानं डिझेलही पेलं वाटते," तो म्हणे.

मंग मी सारं सांगितलं. साहेब, फोटो, हत्ती, भुयार. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. हत्तीच्या जागी त्यानं एकदा विचारलं, आपल्या विहिरीचं पेला का, मी म्हटलं हाव, तो म्हणे, बरं. मले वाटलं, आता मले बापाच्या घरी बंडीत बसवून देतीन. पण तो एवढंच म्हणे, "मृगापर्यंत थांबू. झाडाचं काही सांगता येत नाही."

ते दिवस मी कसे काढले मले माहीत. मी रोज त्या ओळीत जाऊन शेंडा न् शेंडा पाही. कुठं टाचणीच्या टोकाएवढं पांढरं दिसते का. आशा मोठी वाईट. एका सकाळी दिसलं म्हणून मी सासऱ्याले झोपेतून उठवून आणलं. ते बगळ्याचं निघालं.

मृगाचं पाणी पडलं अन् तीन आठवड्यात साऱ्या बगीच्यात फूल आलं. फूल म्हणजे काय, पान दिसेना. वास टेशनापर्यंत गेला, पॅसेंजर गाडीतले लोक खिडकीतून मान काढत. दलाल आले, खाटेवर बसले. माही ओळ तशीच हिरवी. जाड, घनदाट, झोपाले उत्तम सावली. एकवीस झाडायवर मी फिरून फिरून सारे मिळून सात फुलं शोधले, त्यातले दोन माह्या हातानं गळून पडले.

सासऱ्याले आता जाड भिंगाचा चष्मा आला होता. तो ओळीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. मी विहिरीच्या कठड्यापाशी उभा होतो. दलाल पाहून राहिला होता, शेजारचा तंबाखू मळून राहिला होता.

"मी शब्द देला होता," सासरा म्हणे. "बहार फुटला तं ओळ तुमची. बहार फुटला नाही."

"नाही फुटला," मी म्हटलं.

"पण झाडं जित्ते हायत. पुढच्या सालचा ताण कोणीतरी पाहा लागते. माहे डोळे आता असेच." तो बायकोकडं वळला. "बाई, हे एकवीस झाडं तुहे. तुह्या नावानं विकशीन. दलालाशी तूच बोलशीन."

बायको पुढं झाली. तिनं पदर खोचला, पहिल्या झाडापाशी गेली अन् मी काढून टाकलेली माती फावड्यानं परत आळ्यात ओढाले लागली. दलालानं तिच्याकडं पाहून हात जोडले. म्हणे, "राम राम, बगीचेवाले बाई." अन् खाटेवर तिच्यासाठी जागा केली.

संध्याकाळी घरी येताना मी तिच्या मागं मागं चाललो होतो. मले वाईट वाटत होतं, अन् खरं सांगतो, बरंही वाटत होतं, पण ते तिले सांगाची सोय नव्हती. मी म्हटलं, "काय वं, आता तू मालकीण. तुह्या बगीच्यात मले काही काम देशीन का?"

"देईन ना."

"कोणतं?"

ती मागं न पाहता म्हणे, "घरी बसाचं. तुमी काही करत नाही तवाच आपलं बरं चालते."